कलाकार गेल्यानंतरचं वर्ष : कागद, तंबोरे आणि कॅसेटी

जानेवारी २०२४ मध्ये डॉ. प्रभा अत्रे गेल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सारंगीवादक पं. राम नारायण आणि डिसेंबरात उस्ताद झाकीर हुसेन गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पं. प्रभाकर कारेकर गेले. या सगळ्यांचं गाणं-वाजवणं रेकॉर्ड कंपन्यांकडे, आकाशवाणीकडे आणि रसिकांच्या घरोघरी आहे. ते आपोआप हरवण्याची भीती कमी. पण याच सुमारास सांगली-मिरज भागात आमचे गाण्याचे गुरू, बुवाही गेले. त्यांच्या नावावर बाजारात एकही ध्वनिमुद्रिका नाही. मागे राहिलं ते असं : माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, तंबोऱ्यांची जोडी, एक जुनी सतार, चिजांच्या (बंदिशींच्या) वह्या आणि दोन कपाटं भरून कागद. पुढच्या वर्षभरात आम्ही शिष्यांनी आणि घरच्यांनी मिळून हे सगळं मार्गी लावलं. अशी वेळ अनेक घरांवर येते आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतो आहोत.

पहिलं काम मृत्यूच्या नोंदीचं. मृत्यू रुग्णालयात झाला तर रुग्णालय कळवतं. घरी झाला तर घरच्यांनी २१ दिवसांच्या आत नोंद करायची. २१ दिवस उलटले की विलंब शुल्क लागतं, महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. दाखल्याच्या दहा-बारा प्रती सुरुवातीलाच घ्या. पुढे बँक, मानधन, आकाशवाणी, वनखातं, संग्रहालय, प्रत्येक ठिकाणी एकेक जाते.

कलाकारांच्या बाबतीत खरी अडचण नावाची असते. दाखल्यावर आधार कार्डावरचं नाव येतं. बुवांना सगळा जिल्हा ज्या नावाने ओळखायचा ते नाव आधारवर नव्हतंच. आकाशवाणीच्या करारांवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, जुन्या मानपत्रांवर वडिलांचं नाव गाळलेलं. 'या सगळ्या नावांची व्यक्ती एकच' असं वारसाचं प्रतिज्ञापत्र मार्च उजाडायच्या आत करून घेतलं. तेव्हा मुद्रांक पाचशेचा लागला, वर नोटरीचे पैसे. सोबत प्रत्येक नावाचा एकेक पुरावा जोडायचा. त्यातला निदान एक फोटोसहित असावा. कार्यक्रमाची छापील पत्रिका किंवा वर्तमानपत्रातलं कात्रण चालतं. प्रतिज्ञापत्राच्या दोन मूळ प्रती तयार ठेवा, कारण एखादं कार्यालय मूळ प्रत ठेवूनच घेतं आणि मग दुसरीकडे झेरॉक्स चालत नाही.

राज्य शासनाचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन, सध्या महिना ५,००० रुपये, चालू असेल तर मृत्यूची खबर लगेच द्या. खात्यात पुढचे हप्ते जमा होत राहिले तर ते नंतर परत करावे लागतात आणि त्या पत्रव्यवहारात पत्नीचं मानधन अडकतं. कलावंताच्या मागे पती किंवा पत्नीला हे मानधन मिळतं, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ते आपणहून सुरू होत नाही. मृत्यूचा दाखला, दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड, काकूंच्या, म्हणजे बुवांच्या पत्नीच्या, एकटीच्या नावाचं बँक पासबुक आणि मानधन मंजुरीचं जुनं पत्र एवढं जोडलं. त्या पत्राचा क्रमांक नसेल तर कारकून फाइल शोधत बसतो, म्हणून कपाटात आधी ते पत्र शोधा. संयुक्त खातं चालत नाही असं खिडकीवर सांगण्यात आलं, तेव्हा नवं खातं उघडण्यात आणखी काही आठवडे गेले. अर्ज मार्चमध्ये दिला, पैसे सुरू झाले ते दिवाळीच्या तोंडावर. तोवर काकूंच्या औषधपाण्याची सोय आपापसात करून ठेवणं भाग होतं, आणि शोकसभेच्या खर्चापेक्षा त्याची गरज जास्त होती असं आमचं स्पष्ट मत आहे.

ट्रंक मात्र इतक्यात उघडून उलगडायची नाही. घरात माणसं असतात, ज्याला त्याला आठवण म्हणून काहीतरी हवं असतं आणि चार कॅसेटी चार खिशांतून निघून जातात. आधी जशी आहे तशी वरून फोटो काढा, मग थरामागून थर. बुवांनी कॅसेटी ज्या क्रमाने ठेवल्या होत्या तो क्रमही माहितीच आहे. ज्या कॅसेटच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नाही ती डाव्या-उजव्या शेजाऱ्यांवरून अनेकदा ओळखू येते. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. कागदाला मऊ पेन्सिलने, कॅसेटच्या डबीला चिठ्ठी बांधून. कॅसेटवर थेट चिकटपट्टी लावू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून डेकमध्ये उतरतो. आणि सर्वांत आधी प्रत्येक कॅसेटच्या माथ्यावरचे दोन्ही बारके टॅब मोडून टाका. मग चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी तिच्यावर काही रेकॉर्ड होत नाही.

एप्रिलमध्ये वाद्यांकडे वळलो. माणूस गेल्यावर तंबोरे कोपऱ्यात तसेच ताणलेले उभे राहतात. रोज उतरवणारा-चढवणारा हात नसतो, आणि तोच ताण मग तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) आणि दांडीच्या सांध्यावर येत राहतो. तारा पूर्ण काढू नका, तीन-चार सुरांनी उतरवा. अगदी सैल सोडल्या तर घोडी (तबलीवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सरकते आणि तिची मूळ जागा हरवते. म्हणून घोडीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलची बारीक खूण करून ठेवा. भोपळ्याच्या खाली पिठासारखी पूड पडलेली दिसली तर आत कीड आहे. ते वाद्य लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. कीड लागलेला भोपळा बदलणं सोपं नाही. मिरजेला हे मोठे, जाड सालीचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, आणि त्यातही दांडीला शोभेल असा गोल आणि डौल मिळायला हंगाम गाठावा लागतो. चीर गेली असेल तर भोपळा बदलण्याऐवजी आतून कापड चिकटवून सांधून घेणं बरं, असं आम्ही दोघा कारागिरांकडून ऐकलं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या बुवांची जोडी मात्र ज्यांच्या हातची, ते कारागीर बुवांच्या आधी दोन पावसाळे गेले. त्यांनी मापं कधी लिहून ठेवली नाहीत. ती फर्म्यात होती आणि हातात होती. अशा वेळी वाद्य हाच त्यांच्या कामाचा एकमेव लेख उरतो. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी मापं घेतली : घोडीपासून मेरूपर्यंत (दांडीच्या वरच्या टोकाच्या पट्टीपर्यंत) तारेची लांबी, भोपळ्याचा घेर, तबलीची रुंदी, दांडीची वरची आणि खालची जाडी, घोडीची लांबी-रुंदी-उंची आणि प्रत्येक तारेचा गेज, म्हणजे जाडी. तारेची जाडी मोजायला मायक्रोमीटर लागतो; सोनाराकडे किंवा वर्कशॉपमध्ये मिळतो. आरसा आणि छोटा टॉर्च घेऊन तबलीच्या आतल्या बाजूचे फोटो काढता आले तर उत्तम. तारा नवीन घालताना हा गेज हाताशी नसला तर दुकानदार त्याच्याकडचा नेहमीचा संच देतो आणि तंबोरा बोलेनासा होतो.

जवारीबद्दल थोडं सविस्तर. घोडीचा वरचा माथा दिसायला सपाट असला तरी त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर जिथे टेकते-सुटते तिथूनच तंबोऱ्याचा तो भरलेला, झंकारणारा आवाज निघतो. वर्षानुवर्षं छेडून तारा घोडीत घरं करतात. मग कितीही वेळा सूत (तारेखाली घोडीवर ठेवलेला दोरा) मागेपुढे केलं तरी आवाज बसका येतो, किंवा नुसता झणझणतो. कारागीर कानशीने माथा पुन्हा समतल करून नवा उतार देतो. पण एकदा कानस फिरली की जुना उतार गेला तो गेला. म्हणून आधी तंबोरा बुवांच्या काळी एक या पट्टीला लावून, जसा आहे तशा जवारीत, एकेक तार स्वतंत्र दोन मिनिटं आणि मग चारी तारा मिळून दहा मिनिटं रेकॉर्ड केल्या. कारागिराला ते रेकॉर्डिंग आणि मैफलीतला जुना एक तुकडा ऐकवला. 'एवढी खुली नको, यांना बंद जवारी आवडायची' हे त्याने स्वतःच ऐकून सांगितलं. जवारी, नव्या तारा, दोन खुंट्या आणि सूत मिळून दोन्ही तंबोऱ्यांचा खर्च काही हजारांत गेला. वाद्यं परत यायला दीड महिना लागला, कारण पावसाळी हवेत जवारी करू नये असं त्याचं म्हणणं होतं, आणि कोरडे दिवस मिळेपर्यंत त्याने ती हातात घेतली नाहीत.

सतारीने वेगळंच काम काढलं. तिच्या दांडीच्या कडेला आणि घोडीवर पांढरट पिवळं जडावकाम होतं. जुन्या वाद्यांत हे हस्तिदंत असू शकतं आणि तसं असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. हस्तिदंताची वस्तू वारशाने मिळाली तर वारसाने ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे ती घोषित करायची असते. विकता तर ती येतच नाही. बहुतेक घरांना हे माहीत नसतं, आणि वाद्य विक्रीला काढलं की अडचण उभी राहते. दहापट भिंगाखाली बघा. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, हाडावर बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतात, सेल्युलॉइडवर सरळ समांतर रेषा असतात किंवा काहीच नसतं. आमच्या सतारीच्या कडा सेल्युलॉइडच्या निघाल्या, पण घोडीबद्दल खात्री होईना. तेव्हा मुदत संपायच्या आत जिल्ह्याच्या वनविभागामार्फत फोटो, मापं, मृत्यूचा दाखला आणि सतार कुठून आली याचा घरच्यांचा जबाब असा अर्ज दिला. पोचपावती घेतली, तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घेतला. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे, त्यामुळे उत्तराला वेळ लागतो; तोवर ती पोचपावती सतारीच्या गवसणीतच ठेवली आहे. शिंगाच्या घोडीबद्दलही याच वेळी विचारून घ्या. परदेशात कुणाला वाद्य किंवा वह्या पाठवायचा विचार असेल तर आणखी एक नियम लक्षात ठेवावा लागतो. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाचं हस्तलिखित पुरावशेष ठरतं. ते देशाबाहेर नेता येत नाही. गुरूंच्या गुरूंच्या हातची चिजांची वही यात सहज बसते.

मे संपायच्या आत ट्रंक माळ्यावरून खाली आणली. पत्र्याची ट्रंक माळ्यावर उन्हाळ्यात तापते, पावसाळ्यात तिला आतून घाम येतो आणि कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसू लागते. बुरशी आलेल्या कॅसेटी वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलसह. त्या हाताळताना एन-९५ मास्क घाला, आणि कोरड्या होईपर्यंत डेकमध्ये घालू नका; एका बुरशीच्या कॅसेटनंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला तीच बुरशी लागते.

स्पूल, म्हणजे मोठ्या चकत्यांवरच्या उघड्या फिती, आम्ही घरी हाताळले नाहीत. त्यांचं काम व्यावसायिकाकडेच द्यावं. काही जुन्या फितींचा चुंबकीय थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, लावल्या की किंचाळतात आणि हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकटा सोडतात. त्यांना नियंत्रित यंत्रात ५४ अंशांच्या आसपास काही तास भाजलं की थोड्या आठवड्यांपुरत्या त्या वाजण्याजोग्या होतात. पण हाच उपाय जुन्या अॅसिटेट फितीवर केला तर ती कायमची जाते. स्पूल उजेडासमोर धरला आणि फितीच्या गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती अॅसिटेट. व्हिनेगरसारखा वास आला तर ती आधीच कुजायला लागली आहे, तिला रांगेत पहिली लावा.

कॅसेटींचं काम जुलै ते ऑक्टोबर चाललं. नव्वद मिनिटांची कॅसेट डिजिटल करायला नव्वद मिनिटंच लागतात, आणि पूर्वतयारी धरली तर दुप्पट. कमी वेळात उरकून देतो म्हणणाऱ्या दुकानापासून लांब राहा. सामान असं लागलं : दोन हेडचा चांगला जुना कॅसेट डेक, जो दहा हजारांच्या आसपास मिळाला आणि नवे बेल्ट व पिंच रोलर टाकून घ्यावा लागला, कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, हेड डीमॅग्नेटायझर, आणि स्क्रूवाल्या काही रिकाम्या कॅसेटी. यूएसबीचे स्वस्त कॅसेट प्लेअर या कामाचे नाहीत, त्यांचा वेगच स्थिर नसतो.

रिकाम्या कॅसेटी कशाला, तर कवच बदलायला. कॅसेटच्या आत फितीच्या मागे स्पंजाचा किंवा नमद्याचा एक छोटा ठोकळा असतो, जो फीत हेडला दाबून धरतो. तीस वर्षांत त्याचा गोंद सुटतो, तो गळून पडतो आणि आवाज विरळ, बोदा येतो. लोक समजतात फीत संपली. जुनं कवच उघडून दोन्ही चकत्या अलगद नव्या कवचात ठेवल्या की आवाज परत येतो. ज्या कवचांना स्क्रू नसतात, नुसते चिकटवलेले असतात, ते कडेने पातळ पात्याने उकलावे लागतात. पात्याचं टोक आत जाऊ देऊ नका.

लावण्याआधी कॅसेट एकदा संपूर्ण पुढे आणि मागे फिरवून घ्यायची, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. फक्त सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांची कॅसेट, मात्र फिरवायची नाही. तिची फीत फार पातळ असते, वेगात फिरवली की रोलरभोवती गुंडाळते. ती आहे तिथून एकदाच, सरळ वाजवायची.

मग येतो अॅझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन. प्रत्येक रेकॉर्डरचा हेड थोडा वेगळा तिरका असतो. ज्या यंत्रावर रेकॉर्ड झालं त्याच्याशी आपल्या डेकचा कोन जुळला नाही तर वरचे सूक्ष्म आवाज गळतात. डेकच्या हेडशेजारी एक बारका स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकत, तो अगदी किंचित फिरवायचा. तबल्याची चाट आणि तंबोऱ्याची जवारी जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबायचं. हे दर कॅसेटला नव्याने करावं लागतं. आमच्या मते या एका पायरीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महागड्या यंत्राने पडत नाही. मिरासाहेबांच्या दर्ग्यातल्या एका मैफलीची कॅसेट आधी निव्वळ घोगऱ्या आवाजाची वाटत होती. स्क्रू पाव वळसाही फिरला नसेल, आणि बुवांच्या मागे बसलेल्या शिष्याचा साथीचा 'आ'कार सुटा ऐकू यायला लागला.

डेकवरचं डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा. नोंद २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये करा. एका तासाला साधारण दोन जीबी जागा जाते. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही. तबलजीचा तिहाईवरचा एखादा 'धा' सगळ्यांच्या वर उडी मारतो. आणि मूळ फाइलवर खरखर घालवणारं सॉफ्टवेअर चालवू नका. ते सतत चालणाऱ्या आवाजाला खरखर समजतं, आणि मैफलीत सतत चालणारा आवाज तंबोऱ्याचा असतो. खरखरीबरोबर तंबोरा जातो आणि गायक पोकळीत गातोय असं वाटतं. ऐकायला वेगळी प्रत करा, तिच्यावर काय हवं ते करा. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि कॅप्स्टन (फीत पुढे ओढणारी बारीक दांडी) अल्कोहोलने पुसायचं. काडीवर तपकिरी रंग येईनासा झाला की पुरे.

वेगाचा प्रश्न कानाला लवकर कळतो. घरगुती टेपरेकॉर्डरचे सेल उतरत आले की रेकॉर्डिंग सावकाश होतं, म्हणून आता वाजवताना गाणं चढं आणि घाईचं वाटतं. बुवा काळी एकात गायचे. एका कॅसेटमध्ये ते जवळजवळ पांढरी दोनला पोचले होते. ताळा घ्यायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, गायकाची ठाऊक असलेली पट्टी. दुसरी, विजेची गुणगुण. रेकॉर्डिंग घरच्या विजेवर झालं असेल तर पार्श्वभूमीला ५० हर्ट्झचा बारीक आवाज असतो. स्पेक्ट्रम पाहिला आणि तो ५२ वर दिसला, तर फीत चार टक्के जलद चालते आहे, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश अर्धस्वराने चढी. दुरुस्ती प्रतीत करायची आणि किती टक्के केली ते टीपेत लिहायचं.

कॅसेटी डिजिटल होत असतानाच, एकीकडे, ओळख पटवण्याचं काम सुरू करा. हे पुढे ढकलू नका. फीत आणखी पाच वर्षं टिकेल, पण साथीला बसणारे, कार्यक्रम ठरवणारे, पुढच्या रांगेत बसून रेकॉर्ड करणारे बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांना कॅसेटच्या संपूर्ण फाइली पाठवू नका, ऐकणं होत नाही. प्रत्येक कॅसेटमधले तीन तुकडे काढा : सुरुवातीची दोन मिनिटं, जिथे निवेदक नाव-गाव-तारीख सांगतो, मधल्या भागातली तबल्याची सोलो जागा, आणि शेवटची भैरवी. घरी जाऊन, स्पीकरवर, सकाळच्या वेळी ऐकवा. आधी आपण कुणाचं नाव सुचवू नका. एका ज्येष्ठ हार्मोनियमवादकांनी फक्त भात्याच्या आवाजावरून पेटी कुणाची ते सांगितलं : 'ही वरून सुटलेली जर्मन रीड आहे, पेटी अमुक वकिलांकडची, म्हणजे मैफल त्यांच्या वाड्यातली.' मग त्या वाड्यातल्या कार्यक्रमांची पत्रिका कपाटात सापडली, तारीखही मिळाली.

तारखांसाठी सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे आकाशवाणीचे करार. प्रत्येक करारावर ध्वनिमुद्रणाची तारीख, प्रसारणाची वेळ, मुदत आणि मानधन असतं; बुवांनी सगळे एका दोऱ्यात ओवून ठेवले होते. कार्यक्रम पत्रिका, प्रवासाची तिकिटं, डायरीतला हिशेब हेही तसंच. हे कागद रद्दीत जाऊ देऊ नका. तक्त्यात प्रत्येक नोंदीसमोर 'कागदावरून', 'दोघांनी सांगितलं', 'एकानेच सांगितलं' असं लिहायचं. अंदाजाला अंदाज म्हणून लिहिलं की पुढचा माणूस फसत नाही. रागाचं नाव, ताल, चिजेचा मुखडा, साथीदार, जागा, रेकॉर्ड करणारा, एवढे रकाने पुरतात.

हक्कांचा विषय बहुतेक जण शेवटी काढतात, आम्हीही दसऱ्याच्या आसपास काढला, पण त्याआधी एकही तुकडा बाहेर जाऊ दिला नव्हता. प्रताधिकार कायदा १९५७ चा. बुवांनी स्वतः बांधलेल्या बंदिशींवर त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांचा हक्क राहतो. गायन-वादनाच्या सादरीकरणावर कलाकाराचा स्वतंत्र हक्क ५० वर्षांचा असतो, आणि तो एकट्या गायकाचा नसतो. तबलजी, पेटीवाले, मागे गाणारे, प्रत्येकाचा असतो. आकाशवाणीवरून घरी टेप केलेलं गाणं आपल्या ट्रंकेत असलं तरी ते ध्वनिमुद्रण आपलं नाही. ते संग्रहात ठेवा, यूट्यूबवर चढवू नका. खासगी वापर आणि निव्वळ अध्यापन-संशोधन यांना कायद्यात सूट आहे, पण जाहीर प्रकाशन त्यात बसत नाही.

त्यामुळे साथीदारांच्या संमतीचा एक पानी मराठी नमुना केला : कोणती मैफल, कशासाठी वापर, पैसे मिळाले तर वाटणी कशी, नको वाटलं तर काढून कसं घ्यायचं. साथीदार हयात नसेल तर त्याच्या घरच्यांची सही. ओळख पटवायला जातानाच हा कागद बरोबर ठेवा. बहुतेकांनी आनंदाने सही केली. एका घराने नकार दिला, ती मैफल बंद राहिली. बुवांच्या बाजूने काकू आणि मुलं, सगळ्या वारसांच्या सह्या एकाच नोटरी केलेल्या कागदावर घेतल्या. मृत्युपत्र असतं तर हे सोपं झालं असतं. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिलं तर, मृत्युपत्रात वेगळं म्हटलेलं नसल्यास, त्याचा प्रताधिकारही सोबत जातो. हयात ज्येष्ठ कलाकारांनी निदान चिजांच्या वह्यांपुरतं तरी ते करून ठेवावं. कलाकार कुठल्या स्वामित्वधन (रॉयल्टी) संस्थेचा सभासद असेल तर तिथे वारसनोंद वेगळी करावी लागते.

नोव्हेंबरमध्ये संग्रह कुठे द्यायचा ते ठरवलं. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीत-ध्वनिसंग्रह केंद्र आहे, ते १९८२ पासून हेच काम करतं. दिल्लीत संगीत नाटक अकादमी आहे, मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स). कुणाकडेही जाताना आधी विचारा : मूळ फिती ठेवून घेता की फक्त डिजिटल प्रत? ऐकायला कुणाला मिळेल? प्रत हवी असेल तर परवानगी कोण देणार, संस्था की वारस? वारसांना प्रत केव्हाही मिळेल ना? या चार प्रश्नांची उत्तरं करारात लिहून आल्याशिवाय ट्रंक हलवू नका. 'संस्थेला योग्य वाटेल तसा वापर' असं एका मसुद्यात आलं होतं. ते बदलून 'अध्ययन-संशोधनासाठी, आवारात ऐकण्यापुरतं. प्रकाशनाला वारसांची लेखी संमती' असं करून घेतलं. पत्रापत्री महिनाभर चालली. घाई करू नका, या ओळीवर पुढची पन्नास वर्षं चालायची आहेत.

डिजिटल फाइलींच्या तीन प्रती आहेत. एक संग्रहात, एक पुण्याला मुलीकडे, एक आमच्याकडे. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा, तक्त्यात लिहिला आहे. दर वर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात तिन्ही डिस्क जोडून तो ताडून पाहायचा आणि पाच वर्षांनी डिस्क बदलायच्या, असं ठरलं आहे. डिस्क नुसत्या कपाटात ठेवल्या तरी बिघडतात. मूळ कॅसेटी टाकायच्या नाहीत. उभ्या, लाकडी कपाटात, स्पीकर आणि इन्व्हर्टरपासून लांब, सिलिका जेलसह ठेवल्या आहेत. जेलचा रंग बदलला की तव्यावर कोरडं करून पुन्हा वापरता येतं.

तंबोऱ्यांची जोडी काकूंनी एका शिष्येला रियाजासाठी दिली आहे. लेखी चिठ्ठी केली आहे : मालकी घरची, रोज छेडायचे, तारा त्याच गेजच्या, आणि जवारीला हात लावायच्या आधी घरी कळवायचं. सतारीच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.